फ्लॅट भाड्याने द्यायचाय? महाराष्ट्रातल्या घरमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं महाराष्ट्रातल्या निवासी फ्लॅटपुरती आहेत. पागडीच्या जुन्या जागांचा इथे विचार केलेला नाही. दुकान आणि ऑफिसबद्दल प्रश्न २३ पाहा. प्रश्न साधारण त्याच क्रमाने लावले आहेत ज्या क्रमाने ते नव्या घरमालकाला पडतात: आधी पैशाचे, मग कागदाचे, आणि शेवटी भांडणाचे.

१. घर भाड्याने देऊन हातात नेमकं किती उरतं?

भाडं गुणिले बारा हा आकडा कागदावरच राहतो. समजा, ८० लाखांचा फ्लॅट २२,००० रुपये भाड्याने जातोय. वर्षाचे २,६४,००० म्हणजे ३.३ टक्के. आता वजाबाकी करा. एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत महिनाभर घर रिकामं राहतं, म्हणजे उरले २,४२,०००. मेंटेनन्स महिना ३,००० धरला तर ३६,००० गेले. मालमत्ता कर १५,०००, किरकोळ दुरुस्ती आणि रंगकामाचा वर्षाला येणारा हिस्सा १२,०००, एजंटला अर्ध्या महिन्याचं भाडं म्हणजे ११,०००. हातात राहिले १,६८,०००, म्हणजे २.१ टक्के, तेही आयकर भरायच्या आधी.

फक्त भाड्यासाठी कर्ज काढून फ्लॅट घ्यायचा विचार असेल, तर हप्ता भाड्यातून फिटेल या भरवशावर राहू नका. आधीच घेतलेलं घर रिकामं पडून असेल, तर मात्र ते भाड्याने देणं नक्कीच परवडतं. बंद घराचा मेंटेनन्स आणि कर तरी चुकतात कुठे?

२. भाडेकरार आणि लिव्ह अँड लायसन्स यांत मी कोणता करू?

लिव्ह अँड लायसन्स. भाडेकरारात समोरच्याला जागेत हक्क मिळतो आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ प्रमाणे त्या हक्काला मोठं संरक्षण आहे. भाडं भरत राहिला तर त्याला काढण्यासाठी कायद्यातलं ठराविक कारण दाखवून कोर्टात जावं लागतं. लायसन्समध्ये फक्त ठराविक मुदतीपुरती राहण्याची परवानगी असते. निवासी जागेची मुदत संपली की कलम २४ खाली घर परत मागता येतं.

कागदावर लिव्ह अँड लायसन्स लिहून आतल्या मजकुरात कायम वास्तव्याचे हक्क देऊ नका. वाद झाला तर शीर्षकाबरोबर मजकूरही वाचला जातो. (बोलताना आणि खालच्या उत्तरांतही आपण भाडेकरू, भाडं असंच म्हणू. अ‍ॅग्रीमेंटमध्ये मात्र लायसन्सर, लायसन्सी आणि लायसन्स फी हेच शब्द ठेवा.)

३. अ‍ॅग्रीमेंट सगळे अकराच महिन्यांचं का करतात? अकरा महिन्यांना रजिस्ट्रेशन लागत नाही ना?

महाराष्ट्रात लागतं. केंद्राच्या नोंदणी कायद्यात एक वर्षावरच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, त्यातून ही अकरा महिन्यांची पळवाट देशभर पसरली. आपल्याकडे १९९९च्या कायद्याचं कलम ५५ मुदत बघतच नाही. करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मग तो तीन महिन्यांचा का असेना. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती चुकवली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

शिक्षेपेक्षा त्याच कलमातली दुसरी गोष्ट जास्त महाग पडते. नोंदवलेला करार नसेल, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू सांगेल ते ग्राह्य धरलं जातं आणि ते खोटं असल्याचं तुम्हाला सिद्ध करावं लागतं. भाडं १५,०००च ठरलं होतं, मुदत पाच वर्षं होती, असं तो म्हणाला की धावपळ तुमची.

मुदत २२, ३३ किंवा ३६ महिन्यांचीही ठेवता येते आणि पुन्हापुन्हा नोंदणीचा खर्च वाचतो. ६० महिन्यांपर्यंत लिव्ह अँड लायसन्सची कमी स्टॅम्प ड्युटी लागते, त्यापुढे भाडेपट्ट्यासारखी. अनोळखी भाडेकरूशी पहिला करार ११ महिन्यांचाच करावा, असा आमचा सल्ला आहे. घर परत मिळवण्याचा सोपा मार्ग मुदत संपल्यावरच मोकळा होतो (प्रश्न २०).

४. ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून घेतलं तर?

तो नोंदवलेला करार होत नाही. नोटरी सह्या खऱ्या असल्याचं सांगतो, दुय्यम निबंधकाकडची नोंदणी ही वेगळी गोष्ट आहे. प्रश्न ३ मधला सगळा धोका तसाच राहतो.

५. स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशनला किती खर्च येतो?

ड्युटी ०.२५ टक्के. ती तीन रकमांच्या बेरजेवर निघते: पूर्ण मुदतीचं भाडं, परत न मिळणारं डिपॉझिट असेल तर ते, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने मुदतभराचं व्याज.

भाडं २५,०००, डिपॉझिट १,००,००० आणि मुदत ११ महिने धरू. भाडं झालं २,७५,०००. डिपॉझिटवरचं व्याज ९,१६७. बेरीज २,८४,१६७ आणि तिचे ०.२५ टक्के म्हणजे सुमारे ७१० रुपये. नोंदणी शुल्क महापालिका आणि नगरपालिका हद्दीत १,०००, ग्रामीण भागात ५००. यावर एजंटची किंवा घरी मशीन घेऊन येणाऱ्याची फी वेगळी. खर्च दोघांनी निम्मा-निम्मा उचलायची पद्धत आहे, पण तसा नियम नाही. आधीच ठरवून घ्या.

६. ऑनलाइन रजिस्ट्रेशन घरबसल्या कसं होतं?

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-रजिस्ट्रेशन पोर्टलवर. स्वतः करता येतं किंवा अधिकृत सेवा पुरवठादाराला घरी बोलावता येतं. तो लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचं मशीन घेऊन येतो.

आधी मिळकतीचा तपशील भरायचा: जिल्हा, तालुका, गाव, सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे नंबर, मजला, क्षेत्रफळ. हे तुमच्या खरेदीखताच्या इंडेक्स टूवरून (नोंदणी कार्यालयाने दिलेला दस्ताचा गोषवारा) जसंच्या तसं उतरवा. मग दोन्ही पक्षांची माहिती, मुदत, भाडं, डिपॉझिट आणि अटी. मसुदा तयार झाला की तो दोघांनी वाचायचा. ड्युटी आणि शुल्क ग्रास या राज्य शासनाच्या ऑनलाइन भरणा प्रणालीतून भरायचं. मग मालक, भाडेकरू आणि दोन साक्षीदार यांचे फोटो आणि आधारशी जोडलेले अंगठ्याचे ठसे. शेवटी दस्त दुय्यम निबंधकाकडे जातो. त्यांनी तपासून डिजिटल सही केली की नोंदवलेला करार आणि इंडेक्स टू डाउनलोड होतो.

अडतं ते ठरलेल्या ठिकाणीच. कोणीतरी आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवलेलं असतं, ते आधीच उघडून ठेवा. वयस्कर माणसांचा अंगठा उमटत नाही. हात धुऊन, कोरडे करून बाकीची बोटं लावून पाहा. तरीही जमलं नाही तर दुय्यम निबंधक कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन नोंदणी करता येते. सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीला गेला पाहिजे. त्रुटी काढून दस्त परत आला, तर ती बहुतेक वेळा नावातल्या किंवा सर्व्हे नंबरातल्या फरकाची असते.

दस्त ‘सबमिट’ झाला म्हणजे नोंदला गेला, असं समजू नका. इंडेक्स टू हातात येईपर्यंत चावी देऊ नका. सामान भरलेला टेम्पो खाली उभा असला तरी.

७. तयार मसुद्यात काय काय तपासून घ्यायचं?

तयार मसुदा सहसा ठीक असतो, पण रिकाम्या जागा घाईत भरल्या जातात. पुढच्या गोष्टी डोळ्याखालून घाला.

सुरुवातीची आणि शेवटची तारीख, दोन्ही स्पष्ट. ‘अकरा महिने’ एवढंच नको. भाडं महिन्याच्या कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणत्या खात्यात. मेंटेनन्स कोण भरणार, आणि भाडेकरू भरणार असेल तर सोसायटीने वाढवल्यावर काय. लाइट बिल, पाइप गॅस, इंटरनेट भाडेकरूकडे. नोटिशीचा काळ दोन्ही बाजूंनी सारखा, साधारण एक महिना. लॉक-इन, म्हणजे ज्या काळात घर सोडता किंवा सोडायला सांगता येत नाही तो काळ, ठेवायचा असेल तर किती महिने, आणि तो मोडला तर किती रक्कम द्यायची. घरात राहणाऱ्या सगळ्या प्रौढांची नावं. पोटभाडेकरू ठेवायचा नाही, व्यवसाय चालवायचा नाही. सामानाची यादी जोडपत्र म्हणून (प्रश्न १२).

करार आपोआप वाढेल, असं वाक्य दिसलं तर काढून टाका. मुदत वाढवायची तर नवा करार करून तो पुन्हा नोंदवायचा.

८. डिपॉझिट किती घ्यावं? कायद्यात मर्यादा आहे का?

महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सच्या डिपॉझिटला कायद्याची कमाल मर्यादा नाही. ‘दोनच महिन्यांचं भाडं’ हे तुम्ही वाचलेलं असतं ते केंद्राच्या २०२१च्या आदर्श भाडेकरू कायद्यातलं. तो राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही.

रक्कम ठरवताना सगळ्यात वाईट प्रसंगाचा विचार करा: दोन महिने भाडं थकलं, लाइट बिल राहिलं आणि रंगकाम करावं लागलं. तीन महिन्यांचं भाडं या सगळ्याला जेमतेम पुरतं. रक्कम बँकेतून घ्या आणि करारात लिहा. अर्धी रोख, अर्धी कागदावर असं केलं की परत देताना वाद ठरलेला. परत द्यायची आहे म्हणून ती तुमचं उत्पन्न धरली जात नाही. पण ती खर्चूही नका. भाडेकरू घर सोडताना त्याच दिवशी द्यावी लागते.

९. हेवी डिपॉझिट घेऊन भाडं नाममात्र ठेवलं तर टॅक्स वाचेल का?

वाटतो तेवढा नाही. आयकर विभाग मिळालेल्या भाड्याबरोबरच त्या जागेला वाजवी किती भाडं आलं असतं हेही पाहतो आणि दोन्हीतलं जास्त धरतो. स्टॅम्प ड्युटीही डिपॉझिटवरच्या व्याजावर लागते (प्रश्न ५). खरी जोखीम मात्र परतफेडीची. दहा लाख घेऊन दुसरीकडे गुंतवले आणि मुदतीला हाताशी नसले, तर पैसे मिळेपर्यंत माणूस घर सोडत नाही. त्याचं तरी काय चुकलं?

१०. पोलीस व्हेरिफिकेशन कोणी करायचं? एनओसी मिळते का?

माहिती देण्याचं काम मालकाचं. मुंबईसह अनेक शहरांत पोलीस आयुक्त वेळोवेळी तसा मनाई आदेश काढतात. तो मोडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. पोलिसांच्या पोर्टलवर भाडेकरूचा फोटो, ओळखपत्र, कायमचा पत्ता, कामाचं ठिकाण आणि त्याला ओळखणाऱ्यांची नावं भरायची. बदल्यात पोच मिळते. ती परवानगी नव्हे, कळवल्याचा पुरावा. तिची प्रत सोसायटीला द्या.

भाडेकरू परदेशी नागरिक असेल तर एवढ्यावर भागत नाही. तो राहायला आल्यापासून २४ तासांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाच्या पोर्टलवर स्वतंत्र माहिती भरावी लागते.

११. सोसायटी एनओसी देत नाही, शिवाय महिन्याला जादा पैसे मागते. किती मागू शकते? आणि बॅचलर मुलांना घर देऊ नका म्हणते, त्याचं काय?

आदर्श उपविधींप्रमाणे (सहकारी सोसायट्यांसाठीची नमुना नियमावली) लिव्ह अँड लायसन्सवर घर द्यायला सोसायटीची आधी परवानगी लागत नाही. भाडेकरू राहायला यायच्या आठ दिवस आधी लेखी कळवायचं आणि कराराची व पोलीस पोचेची प्रत द्यायची. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घ्या. सेक्रेटरी घेत नसेल तर रजिस्टर पोस्टाने पाठवा.

जादा पैसे म्हणजे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, बिनभोगवटा शुल्क. शासनाच्या १ ऑगस्ट २००१च्या आदेशाने त्याची कमाल मर्यादा सेवाशुल्काच्या १० टक्के आहे. इथे गोम आहे ती ‘सेवाशुल्क’ या शब्दात. महिन्याचं पूर्ण बिल ४,५०० असेल आणि त्यात मालमत्ता कर, पाणीपट्टी, सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी, पार्किंग असं सगळं असेल, तर १० टक्के त्या ४,५०० वर नाहीत. सफाई, वॉचमन, लिफ्ट, सामाईक वीज, ऑफिस खर्च अशी सेवाशुल्काची रक्कम २,००० असेल, तर शुल्क २०० रुपये. बिलाची फोड मागा, अर्धा वाद तिथेच मिटतो. आई-वडील, विवाहित मुलगी, नातवंडं अशा जवळच्या नातेवाइकांना घर राहायला दिलं असेल तर हे शुल्क लावता येत नाही.

बॅचलरांवर सरसकट बंदी आदर्श उपविधींत नाही. सभेत ठराव झाला म्हणून ती उपविधी होत नाही. त्रास होतोय अशी ठोस तक्रार असेल, तर ती त्या भाडेकरूपुरती. ऐकत नसतील तर लेखी तक्रार उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे.

१२. चावी देताना काय काय करून ठेवायचं?

रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा, खोलीखोलीने, सावकाश. बेसिनखालचा पाइप, कमोडच्या मागची भिंत, बाथरूमच्या शेजारच्या खोलीतला भिंतीचा खालचा पट्टा, खिडक्यांची सरकती काच. आधीपासून ओल असेल तर तीही टिपा. नाहीतर वर्षभराने ती कोणाची, हे ठरवता येत नाही. व्हिडिओ त्याच दिवशी भाडेकरूला पाठवा, म्हणजे तारीख दोघांकडे राहते.

यादीत ‘फॅन ४’ एवढंच लिहून भागत नाही. कंपनी, चालू की बंद, गीझर किती लिटरचा, एसीचा अनुक्रमांक, चाव्यांचे जोड किती, पार्किंगचं स्टिकर, इंटरकॉम. दोघांची सही. वीज आणि गॅस मीटरच्या रीडिंगचा फोटो, ज्यात मीटर नंबरही दिसतो.

वीज मीटर तुमच्याच नावावर ठेवा आणि बिल भरलंय का हे ग्राहक क्रमांक टाकून दर महिन्याला स्वतः बघा. थकबाकी शेवटी त्या जागेच्या जोडणीवरच येते, ती कोणी वापरली होती हे कोणी विचारत नाही.

१३. नळ गळतो, गीझर बंद पडला, भिंतीला ओल आली. खर्च कोणाचा?

करारात लिहिलं असेल तसं. लिहिलं नसेल तर सरळ कसोटी लावा: घराच्या अंगातली गोष्ट मालकाची, रोजच्या वापरातली भाडेकरूची. भिंतीतली गळती, वरच्या मजल्यावरून येणारं पाणी, वायरिंग, ड्रेनेजची मुख्य लाइन, जुना होऊन बंद पडलेला गीझर, हे तुमचं. नळाचे वॉशर, बल्ब, एसीची सर्व्हिसिंग, प्युरिफायरची कँडल, केस अडकून तुंबलेली जाळी, हे त्यांचं. एका रकमेची रेषा ठरवलीत तर वाद कमी होतो, उदाहरणार्थ ५०० रुपयांपर्यंतचं काम भाडेकरूने करायचं, त्यावरचं मालकाला विचारून.

ओल आलीय असा निरोप आला की पुढे ढकलू नका. बाथरूमच्या टाइल्सच्या सांध्यांतून पाणी झिरपत असेल तर ते सांधे भरून काम भागतं. वर्षभर थांबलात तर खालच्या मजल्यावरच्याच्या छताचा रंगही तुम्हालाच द्यावा लागतो.

१४. डिपॉझिटमधून काय कापता येतं?

थकलेलं भाडं, बिलं, आणि यादीशी ताडून दिसणारं नुकसान: फुटलेली काच, तुटलेलं दार, हरवलेली चावी. वापराने होणारी झीज कापायची नाही. दोन वर्षांनी रंग फिका पडणं ही झीज आहे. भिंतीला ड्रिलने पाडलेली वीस भोकं हे नुकसान. रंगकामाची ठराविक रक्कम कापायचीच असेल, तर ती करारात आधीच लिहा. प्रत्येक कपातीचं बिल दाखवा. शेवटचे दोन महिने भाडं न देता ‘डिपॉझिटमधून वळते करा’ म्हणणारे बरेच असतात. त्याला हो म्हटलंत की नुकसानीसाठी हातात काही उरत नाही.

१५. भाड्याच्या उत्पन्नावर आयकर कसा मोजतात?

वर्षाच्या भाड्यातून तुम्ही त्या वर्षात प्रत्यक्ष भरलेला मालमत्ता कर वजा करायचा. उरलेल्याचे ३० टक्के सरसकट वजा होतात, खर्च केला असो वा नसो. त्यातून गृहकर्जाचं व्याज. उदाहरण: भाडं ३,००,०००, मालमत्ता कर १२,०००, राहिले २,८८,०००. त्याचे ३० टक्के म्हणजे ८६,४०० गेले, उरले २,०१,६००. व्याज १,५०,००० असेल तर करपात्र ५१,६००.

मेंटेनन्स, एजंट, रंगकाम, विमा हे सगळं त्या ३० टक्क्यांत आलं असं धरा. व्याज भाड्यापेक्षा जास्त असेल तर तोटा होतो. जुन्या करप्रणालीत तो वर्षाला २ लाखांपर्यंत पगारासारख्या दुसऱ्या उत्पन्नातून वजा होतो. नव्या करप्रणालीत होत नाही. नवी प्रणाली घेताना बरेच घरमालक हीच गोष्ट विसरतात.

निवासी घराचं भाडं आता व्यवसायाचं उत्पन्न म्हणून दाखवता येत नाही. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला आयकर कायदा, २०२५ लागतो. कलमांचे क्रमांक बदलले, वरची मांडणी तीच आहे.

महापालिकेचंही एकदा बघून घ्या. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला मालमत्ता करात ४० टक्के सवलत मिळते, घर भाड्याने दिलं की ती जाते.

१६. भाडेकरू म्हणतो टीडीएस कापणार. बरोबर आहे का? आणि पॅन का मागतो?

वैयक्तिक भाडेकरू महिना ५०,००० रुपयांपेक्षा जास्त भाडं देत असेल, तर त्याला २ टक्के कापावे लागतात (१ ऑक्टोबर २०२४ आधी ५ टक्के होते). तो ते वर्षाच्या शेवटच्या महिन्यात, किंवा आधी घर सोडत असेल तर शेवटच्या भाड्यातून एकदाच कापतो. कंपनी भाडेकरू असेल आणि भाडं महिना ५०,००० पेक्षा जास्त असेल तर १० टक्के. ही रक्कम तुमच्या नावावर जमा होते, रिटर्नमध्ये वळती करा. ५०,००० पर्यंत भाडं असेल तर कपात नाही. मालक परदेशात असेल तर वेगळं (प्रश्न १८).

वर्षाला एक लाखापेक्षा जास्त भाडं देणाऱ्या नोकरदाराला एचआरए सवलतीसाठी मालकाचा पॅन द्यावा लागतो. पॅन नाकारणं म्हणजे उत्पन्न लपवतोय, हे स्वतःच सांगणं.

१७. फ्लॅट आम्हा नवरा-बायकोच्या नावावर आहे. सही कोणाची, उत्पन्न कोणाचं?

सही दोघांची. उत्पन्न मालकीच्या हिश्शाप्रमाणे वाटलं जातं. भाडं एकाच खात्यात येत असलं तरी. फ्लॅट फक्त पत्नीच्या नावावर, पण पैसे पूर्ण पतीचे असतील, तर भाडं पतीच्याच उत्पन्नात धरलं जातं.

१८. मी परदेशात असतो. इथला फ्लॅट भाड्याने कसा देऊ?

इथल्या विश्वासू माणसाला कुलमुखत्यारपत्र द्या. त्यात करार करणं, नोंदणीसाठी हजर राहणं, ताबा देणं-घेणं आणि सक्षम प्राधिकाऱ्याकडे (प्रश्न २०) दावा लावणं, हे अधिकार स्पष्ट लिहा. शेवटचा अधिकार लोक विसरतात. परदेशात सही केली असेल तर भारतीय वकिलातीकडून साक्षांकन करून घ्या. कागद भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथली स्टॅम्प ड्युटी भरायची.

भाडं एनआरओ खात्यात, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या इथल्या उत्पन्नासाठीच्या बँक खात्यात. भाडं कितीही कमी असलं तरी भाडेकरूने टॅन (कर कापणाऱ्याचा खाते क्रमांक) काढून ३० टक्के अधिक उपकर, म्हणजे सहसा ३१.२ टक्के कापायचे असतात. तुमचं एकूण उत्पन्न कमी असेल तर कमी दराच्या कपातीचं प्रमाणपत्र आयकर विभागाकडून आधीच घ्या.

१९. फ्लॅटवर होम लोन आहे. किंवा फ्लॅट सरकारी योजनेतला आहे. भाड्याने देता येईल?

कर्ज असेल तर मंजुरीपत्र आणि गहाणखत वाचा. काही बँका लेखी संमती मागतात. म्हाडा, सिडको यांच्या सदनिकांना वाटपपत्रातल्या अटी लागतात. झोपडपट्टी पुनर्वसनातली सदनिका हस्तांतर-बंदीच्या मुदतीत भाड्याने देऊ नका. ती हातची जाऊ शकते.

२०. मुदत संपली तरी भाडेकरू जात नाही. काय करू?

सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे भाडे नियंत्रण कायद्याखालच्या अधिकाऱ्याकडे कलम २४ खाली अर्ज. नोंदवलेला करार, इंडेक्स टू, मालकीचा पुरावा आणि पाठवलेली नोटीस जोडायची. करारात लिहिलेल्या गोष्टींबाबत तो करार हा निर्णायक पुरावा मानला जातो. म्हणून मुदतीची तारीख महत्त्वाची. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत भाडेकरूने प्रतिज्ञापत्र देऊन बचाव मांडायची परवानगी मागायची असते. ती मागितली नाही किंवा मिळाली नाही तर ताब्याचा आदेश होतो. आदेशावर अपील नाही, ९० दिवसांत राज्य शासनाकडे पुनरीक्षण अर्ज करता येतो. मुदत संपल्यानंतर राहिलेल्या काळासाठी दुप्पट दराने नुकसानभरपाई.

मुदत संपल्यावर जुनंच भाडं गुपचूप घेत राहू नका. ‘तोंडी वाढवून दिली होती’ म्हणायला त्याला वाव मिळतो. संपण्याच्या महिनाभर आधी विचारा: नवा करार की चावी?

२१. भाडं थकलंय. वीज-पाणी तोडू? कुलूप बदलू?

नाही. अत्यावश्यक सेवा तोडणं हे कलम २९ खाली बेकायदा आहे आणि ताबा जबरदस्तीने घेतला तर गुन्हा तुमच्यावर दाखल होतो. पहिल्याच थकलेल्या महिन्यात लेखी आठवण पाठवा, दुसऱ्या महिन्यात वकिलामार्फत नोटीस. करारातल्या कलमाप्रमाणे लायसन्स रद्द करा. मुदत दोन-तीन महिन्यांवर आली असेल, तर ती संपू देऊन प्रश्न २० मधला मार्ग घेणं बहुधा लवकर फळतं.

२२. एकच भाडेकरू बारा वर्षं राहिला तर घर त्याचं होतं म्हणतात.

होत नाही. बारा वर्षांचा नियम मालकाच्या हक्काविरुद्ध, उघडपणे घेतलेल्या ताब्याचा आहे. तुमच्या परवानगीने, भाडं देऊन राहणारा कितीही वर्षं राहिला तरी तो त्यात बसत नाही. मात्र परवानगीचा पुरावा हवा. नोंदवलेल्या करारांची सलग साखळी आणि बँकेत जमा होणारं भाडं हा तो पुरावा. बिनकागदाचा ‘ओळखीतला’ माणूस वीस वर्षं राहतोय, तिथे दुखणं आहे.

२३. दुकान किंवा ऑफिस भाड्याने देतोय. हेच नियम?

लेखी करार आणि नोंदणी, हो. पण कलम २४ फक्त निवासी जागेसाठी आहे. दुकानाची मुदत संपून माणूस गेला नाही तर दिवाणी किंवा लघुवाद न्यायालयात दावा लावावा लागतो. म्हणून दुकानाला डिपॉझिट जास्त घ्या आणि लॉक-इन नीट लिहा. एक कोटी किंवा त्यावर भरणा झालेलं भागभांडवल असलेल्या कंपनीला जागा दिली तर भाडे नियंत्रण कायदा लागूच होत नाही.

व्यावसायिक भाड्यावर १८ टक्के जीएसटी असतो. तुमची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी घेऊन तो तुम्ही लावायचा. तुम्ही नोंदणीकृत नसाल आणि भाडेकरू नोंदणीकृत असेल तर १० ऑक्टोबर २०२४ पासून तो भाडेकरूच भरतो. राहण्यासाठी दिलेल्या घराच्या भाड्यावर जीएसटी नाही. अपवाद जीएसटी-नोंदणीकृत भाडेकरू धंद्याच्या नावावर घर घेतो तेव्हा. तिथेही भरायचा त्यानेच.

२४. मुदत चालू असताना फ्लॅट विकायचा आहे.

विकता येतो, पण ताब्याचा प्रश्न विक्रीआधी सोडवा. भाडेकरूला नोटीस देऊन घर रिकामं करून घ्या. किंवा तो राहणारच असेल, तर खरेदीच्या दिवशीच त्याचा नव्या मालकाशी नवा करार नोंदवून घ्या आणि डिपॉझिट कोण परत देणार हे खरेदीखतात लिहा. हे राहिलं की भाडेकरू जुन्या मालकाला फोन करतो, जुना नव्याकडे बोट दाखवतो. मालक वारला तर वारसांना कलम २४चा आधार मिळतो. सोसायटीत वारसनोंद मात्र लवकर करून घ्या.